माझ्या मायले अडाणी म्हणू नको

गेल्या बैठकीत आपल्याच एका डॉक्टर मित्राने भाषण ठोकलं. परका नव्हे, आपलाच. वस्तीतला, स्कॉलरशिपवर शिकलेला, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेला. म्हणाला, आपली माणसं मनानेच गोळ्या घेतात. चिठ्ठीशिवाय औषध घेणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. अंगारा-धुपारा सोडलात तसं हेही सोडा. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या, सवयीने. मग रात्रपाळीला जाताना रे रोडला उतरलो, आणि त्या दोन टाळ्यांची मलाच लाज वाटली. कारण तो अडाणी म्हणाला ते माझ्या मायला.

माय आर्वीत असते. वर्धा जिल्हा. पुलगावहून पूर्वी तिथवर छोटी रेल्वे यायची, शकुंतला. आता एस. टी. दिवाळीच्या पुढेमागे माय कापूस वेचते, किलोच्या भावाने. ताप आला की मेडिकलवर जाते, पदराची गाठ सोडते आणि म्हणते, "बापू, तापाची गोळी दे." झालं तिचं ओपीडी. मी एकदा फोनवर चिडलो, म्हटलं माय, दवाखान्यात काहून नाही गेली? तर म्हणाली, "दवाखान्यात गेली का दिवस जाते. दिवस गेला का रोजी जाते. ताप तं गोळीनंच जाते. मंग दिवस कायले घालू?"

सांग डॉक्टर, यात अडाणीपणा कुठे आहे? हा चोख हिशोब आहे. साध्या तापाला, अंगदुखीला, पॅरासिटामॉलची गोळी. रुपयाच्या आसपास एक. तीच गोळी डॉक्टर लिहून देणार, वर फी घेणार, आणि वर "ताकदीचं" म्हणून एक बाटली. माझ्या मायने मधला माणूस गाळला. बाजार समितीत अडत्या गाळला तर तुम्ही त्याला शेतकऱ्याची क्रांती म्हणता.

सरकारी दवाखाना फुकट आहे, हे मला कुणी सांगू नये. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले, चांगलं झालं. पण लाइनीत गेलेला दिवस फुकट नसतो. त्याची किंमत कापसाच्या किलोत मोजावी लागते. आणि एका सरकारी दवाखान्यात (नाव सांगत नाही, नाव सांगून एकट्यालाच आरोपी करायचं कशाला) याच मायला फुकटचा केसपेपर देऊन मागच्या बाजूला लिहिलं होतं, बाहेरून आणणे. चिठ्ठी घेऊन ती शेवटी त्याच मेडिकलवर. दिवस घालून.

चिठ्ठीचा इतिहास काढायचाच तर पुरा काढू. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये एक प्रसंग घेतलाय. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र, 1929 च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आलेलं. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वस्तीत येणार नाही. नगरशेठने फीची हमी दिली तेव्हा आला, तो वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणून ठेवलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, मुसलमानाने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत त्याच वाटेने. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा बघितला आणि न्यूमोनिया सांगितला. औषध पाठवलं. बाई मेली.

तिला चिठ्ठी मिळाली होती, डॉक्टर. निदान मिळालं, औषधही मिळालं. मिळाला नाही तो हात. आमची आजी-पणजी गावकुसाबाहेर झाडपाला का उगाळत बसली? आयुर्वेदाच्या प्रेमाने नाही. वैद्य नाडी धरत नव्हता म्हणून. मनाने औषध घेणं ही आमची खोड नाही, आम्हाला दिलेली शिक्षा आहे. त्या शिक्षेतून काहीतरी शिकून आम्ही जगलो.

आणि आर्वीचा माणूस बोलतोय तर सेवाग्रामही घेऊ. आमच्याच जिल्ह्यात आहे. गांधी 1936 ला शेगावात येऊन राहिले, त्याचं पुढे सेवाग्राम झालं. मातीच्या पट्ट्या, एनिमा, उपास. दवाखान्यांना त्यांनी 1909 सालच्या 'हिंद स्वराज्य'मध्येच शिव्या घातल्या होत्या. पण 1924 ला अपेंडिक्स दुखलं तेव्हा पुण्याच्या ससूनमध्ये गोऱ्या कर्नलने पोट फाडलं, आणि बरे झाले. बरे झाले याचा मला राग नाही. माझा मुद्दा एवढाच, की ज्याच्यासाठी ससूनचं दार उघडं असतं त्याला मातीच्या पट्टीचं तत्त्वज्ञान परवडतं. आमच्याकडे माती भरपूर. ससून नव्हतं. त्याच सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्याने पुढे खेड्यातल्या लोकांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला, आणि वर्धा-सेवाग्रामच्या मंडळींनी मेडिको फ्रेंड सर्कलमध्ये (1974 पासून) निरर्थक औषधांवर कोरडे ओढले, हेही लिहून ठेवतो. शिव्या द्यायच्या तिथे देतो, उधार ठेवत नाही. पण ऋणही लपवत नाही.

आता दुसरी बाजू. डॉक्टर, तू खुश होऊ नको, ती तुझी बाजू नाही.

मेडिकलचं काउंटर आमचं नाही. ते बाजाराचं आहे. माय मागते तापाची गोळी, आणि पोरगा कात्रीने कापून देतो चार गोळ्या. एक पांढरी, एक पिवळी, एक लाल, एक कॅप्सूल. नाव कापलेलं, तारीख कापलेली. भिंतीवर फार्मसिस्टचं सर्टिफिकेट लटकतं, ज्याचं सर्टिफिकेट तो कुठे लटकतो देव जाणे. त्यातली एक अँटिबायोटिक असते, साध्या सर्दीला जिचा काडीचा उपयोग नाही. दोन दिवस खाल्ली, पैसे संपले, सोडली. जंतू अर्धमेले राहून शहाणे होतात. दोन आठवडे खोकला असलेल्या माणसाला बेडका तपासायला पाठवायचं, तपासणी सरकारी आणि फुकट. त्याऐवजी त्याला फ्लॉक्सॅसिनच्या नावाची कुठलीशी गोळी चारली की टीबी थोडा दबतो, खोकला थोडा कमी होतो, आणि झोपडीतल्या पाच माणसांत वाटून होईपर्यंत निदान लांबतं. अशा औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ छापलेली असते, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही म्हणून. 2014 पासून तर जहाल अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं विकताना डॉक्टरचं, रोग्याचं नाव वहीत लिहायचा कायदा आहे, शेड्यूल एच-वन. त्या वह्या मला एकदा बघायच्यात. फार कोऱ्या कविता असतील त्यात.

माझंच सांगतो. पावसाळ्यात गोदीत ओली पँट बारा-बारा तास अंगावर. जांघेत नायटा उठला. गँगमध्ये निम्म्यांना तोच. काउंटरवरच्या एकाने ट्यूब दिली, "फर्स्टक्लास आहे, दोन दिवसांत." खरंच दोन दिवसांत खाज गेली. मी त्याला दुवा दिला. महिन्याने नायटा पोटावर, मग पाठीवर, कडा पुसट, चामडी पातळ, रेघा पडलेल्या. ट्यूबमध्ये तीन औषधं होती: बुरशीचं, जंतूचं, आणि जालीम स्टिरॉइड. स्टिरॉइड खाज मारतं, आणि बुरशीला म्हणतं, खा, आता कुणी बघत नाही. 2018 ला सरकारने ही स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय बंद. कागदावर. माझ्यासारखी जांघ घेऊन लोकलमध्ये कितीजण उभे असतात ते कातडीच्या डॉक्टरांना विचारा.

त्याहून वाईट सांगू? तीच स्टिरॉइडची मलमं आपल्या पोरी तोंडाला लावतात. गोरं व्हायला. पंधरा दिवस उजळतं, मग तोंड लाल, पुरळ, उन्हात आग, बंद केलं की दुप्पट. हा आजार कुठला आहे? काळं असणं हा? कुणी ठरवला, कुठल्या पोथीत? लग्नाच्या जाहिरातीत "गोरी, सडपातळ" छापणारे आपले बौद्ध वधू-वर मेळावे बघा आधी. मनू काउंटरच्या पलीकडे बसलाय म्हणून नुसती बोंब मारून चालणार नाही. अलीकडेही त्याचं गिऱ्हाइक उभं आहे.

आणि कंबरदुखीची गोळी. गोदीत तिला जेवणाआधीची गोळी म्हणतात, म्हणजे जेवण मिळेल या आशेने घ्यायची. डायक्लोफिनॅक. बोजा उचलणाऱ्याची कंबर दुखणारच, मालक बोजा कमी करणार नाही, मग गोळी. रोज. वर्षानुवर्षं. उपाशी पोटी. घामाने अंगातलं पाणी गेलेलं असताना. पोटात जखम, मूत्रपिंडाला इजा. हीच गोळी जनावरांना देत होते. मेलेल्या ढोरात ती उरली, ते मांस गिधाडांनी खाल्लं, आणि मूत्रपिंडं बंद पडून गिधाडं मेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं या देशात शंभरातलं एकही उरलं नाही. 2006 ला जनावरांसाठी ही गोळी बंद केली. मेलेलं ढोर ओढायचं काम ज्यांच्या गळ्यात बांधलं होतं, त्यांना बाबासाहेबांनी 1927 ला महाडात सांगितलं, मृत मांस सोडा. आपण सोडलं. गिधाडाला कुणी बाबासाहेब भेटला नाही. पण दोस्तांनो, ढोराला बंद झालेली गोळी माणसाला चालू आहे. चालू असावीही, मोजून मापून ती उपयोगाची आहे. मात्र बोजा तसाच ठेवून रोज गोळी खाणं म्हणजे स्वतःच्या मूत्रपिंडातून मालकाला मजुरी परत करणं आहे. तिथे गोळी नको, युनियन पाहिजे.

मग डॉक्टर म्हणणार, बघ, म्हणूनच चिठ्ठी.

थांब. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नागपूरच्या वर, छिंदवाड्याच्या परासिया भागात पोरं मेली. साधी सर्दी, खोकला. कोल्ड्रिफ नावाचं सिरप. लघवी बंद झाली, मूत्रपिंडं गेली, कित्येकांना नागपूरच्या दवाखान्यांत आणलं, तिथेच संपली. वीसहून जास्त लेकरं. बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, 48.6 टक्के. चालतं किती, तर 0.1 टक्का. अर्धी बाटली विष. हे सिरप त्या पोरांच्या आयांनी मनाने आणलं नव्हतं. डॉक्टरने लिहून दिलं होतं. चिठ्ठी होती, दोस्ता! असलं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या लेकराला द्यायचं नाही असा हुकूम दिल्लीने 2023 च्या डिसेंबरातच काढला होता. डॉक्टरने वाचला नसेल. मग अडाणी कोण?

आणि हेच विष 1986 ला मुंबईत, जे. जे. मध्ये, ग्लिसरीनमधून गेलं. चौदा रोगी मेले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी करून औषध खात्यापासून मंत्रालयापर्यंतची सडकी साखळी उघडी केली. त्यालाही जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती परासियाची पोरं मेली तेव्हा. कारखान्यात तपासायचं ते कुणी तपासत नाही, आणि बोट मात्र पदराच्या गाठीकडे.

मुद्दा चिठ्ठी असावी की नसावी हा नाहीच. मुद्दा आहे ज्ञान कुणाच्या खिशात आहे हा. पॅरासिटामॉल हे एकच औषध शेकडो नावांनी विकलं जातं. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, म्हणजे माणसाला औषध कधी ओळखताच येऊ नये. चिठ्ठीवर नाव इंग्रजीत, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पट्टीवर नाव मुंगीएवढं. वेद ऐकला तर कानात शिसं ओतायचे म्हणतात. आता शिसं ओतायची गरजच ठेवली नाही, ऐकू येईल असं कुणी बोलतच नाही. 1975 ला हाथी समितीने सांगितलं होतं, ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने बंद करा, औषध त्याच्या खऱ्या नावाने विका, शंभरावर औषधांत या देशाचं बहुतेक काम भागतं. धूळ खात पडला तो अहवाल. 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी खऱ्या नावानेच लिहावं असा नियम आला, डॉक्टरांच्या संघटनांनी आरडाओरडा केला, त्याच महिन्यात नियम गुंडाळला. चिठ्ठीचं पावित्र्य एवढं, पण चिठ्ठीवर काय लिहायचं हे विचारलं की स्वातंत्र्य आठवतं.

आणि कायदा? या देशाच्या औषध कायद्यात, 1940 च्या, बिनचिठ्ठीच्या औषधांचा वेगळा वर्गच नाही. जे चिठ्ठीच्या यादीत नाही ते आपोआप बिनचिठ्ठीचं. जातीसारखंच, बाकीचे कुठेतरी तळाला. 2022 च्या मे महिन्यात सोळा औषधांचा मसुदा निघाला: ताप, नाक, नायटा, जखम असल्या किरकोळ दुखण्यांची औषधं चिठ्ठीशिवाय मिळावीत, पण पाच दिवसांच्या वर देऊ नयेत, बरं नाही वाटलं तर डॉक्टरकडे. मला हा मसुदा पटतो. चिठ्ठीवाल्यांनी त्याविरुद्ध ओरडू नये. आपण ओरडायचं ते एवढ्यासाठी, की ती यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रासकट प्रत्येक काउंटरवर टांगा.

औषध गरिबाच्या हातात दिलं तर काय होतं, याचा पुरावा आहे. 1971. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे, बनगावच्या छावणीत पटकी. माणसं उलटी-जुलाबाच्या चिखलात मरत होती, सलाईन संपलेलं. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, सोडा पिशव्यांत भरला, ड्रममध्ये पाणी कालवलं आणि रोग्याच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजा. ना सुई, ना डिग्री. शंभरात तीस मरत होते ते तीन-चारावर आलं. आज ओआरएस म्हणतात ते हेच. माझ्यालेखी ही या उपखंडातली मोठी क्रांती आहे, आणि तिचं हत्यार एक पेला. पण बाजार क्रांतीलाही विकतो: साखरेची सरबतं 'ओआरएस' नावाने मेडिकलमध्ये ठेवली. हैदराबादची एक बालरोगतज्ज्ञ बाई कित्येक वर्षं भांडली, तेव्हा 2025 च्या ऑक्टोबरात ते नाव लावायला बंदी आली. असा डॉक्टर मला पाहिजे. भाषणवाला नको.

उलट आपल्या वस्तीत काय चाललंय? अंगात कणकण आली की "सलाईन लावा." अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. त्याचे शेकडो रुपये देऊन माणूस कॉटवर राजासारखा पडतो. ही आपली हौस आहे, ती व्यवस्थेवर ढकलू नका. आणि 14 एप्रिलला आपले पुढारी शिबिर भरवतात, पिशवीत मूठभर गोळ्या, वर पुढाऱ्याचा फोटो. गोळ्यांवर फोटो आहे, नाव नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला निनावी गोळी वाटता, शरम नाही वाटत?

मी आर्वीला गेलो तेव्हा खोक्याच्या पुठ्ठ्यावर मायसाठी यादी केली. सूर्य-चंद्र काढून, ती वाचत नाही म्हणून. ताप, अंगदुखी: पॅरासिटामॉल पाचशे, एका वेळी एक, फार तर दोन, मध्ये सहा तास, दिवसरात्र मिळून आठच्या वर कधीच नाही, आणि दारू पिणाऱ्याने त्याच्या खूप अलीकडे थांबायचं. जुलाब: ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटर पाण्यात, अर्धं अर्धं नाही. जखम: आधी साबण-पाणी, मग पोव्हिडोन आयोडिन. नायटा: नुसतं क्लोट्रिमॅझोल, सोबत दुसरं काही असलेली ट्यूब फेकायची, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे लावायचं. लेकराच्या खोकल्याला बाटली नाही. सुटी गोळी घ्यायची नाही, नाव असलेली पट्टी घ्यायची, बिल मागायचं. तीन दिवसांत ताप उतरला नाही, श्वास लागला, रक्त दिसलं, लघवी थांबली, मान आखडली, लेकरू पीत नाही: तर रोजी गेली चुलीत, दवाखाना. तिथे पुठ्ठ्यावर मी लाल बस काढली.

माय म्हणाली, "हे डॉक्टरनं काहून नाही सांगतलं कधी?"

डॉक्टर दोस्ता, तो प्रश्न तुला पाठवतोय. यादी मॅट्रिक पास गोदी कामगाराने केलीय, चूक असेल तर पुढच्या अंकात दुरुस्त कर. मराठीत लिही. आणि अक्षर नीट काढ.